अंकीवर घोकलं आणि वॉर्डात परीक्षा दिली

मेडिसिनच्या पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेत मला लाँग केस (सविस्तर तपासायचा पेशंट) म्हणून मिळाले ते प्लीहा, म्हणजे पाणथरी, पार बेंबीपर्यंत वाढलेले एक आजोबा. मनातल्या मनात मी खूश. एवढी मोठी प्लीहा कशाकशात होते त्याची कार्डं मी अंकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर इतक्यांदा उलटली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं: सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर), मायलोफायब्रोसिस (अस्थिमज्जेचा आजार), काळा आजार, जुना मलेरिया. सर बेडपाशी आले आणि मी हात ठेवला तो थेट डाव्या बरगडीखाली. आजोबाच हळू आवाजात म्हणाले, "ताई, हितनं नाय. सकाळपासनं समदे हितनं वर येत्यात," आणि उजव्या जांघेच्या वरचा भाग दाखवला. मोठी प्लीहा चाचपायची ती तिथूनच वर सरकत. कारणं विचारायची वेळच आली नाही.

एवढं होऊनही मी या अ‍ॅपला पाचपैकी चार तारे देतेय. का, ते सांगते.

अंकी २००६ पासून आहे. डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने सुरू केलं, आणि जपानीत या शब्दाचा अर्थ पाठांतर. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बघितल्यावर आपण सांगायचं की आलं, जड गेलं की आलंच नाही, त्यावरून ते कार्ड दहा मिनिटांनी दाखवायचं की तीन आठवड्यांनी, ते अ‍ॅप ठरवतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट. आयफोनवाल्यांना मात्र एकदाच २४.९९ डॉलर मोजावे लागतात. माझा फोन सेकंडहँड अँड्रॉइड, त्यामुळे खर्च शून्य. रूप म्हणाल तर बँकेतल्या स्लिपइतकं देखणं.

पहिली चूक मी केली ती तयार डेकची, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याची. एका सीनियरने पेनड्राइव्हवर दिला, अमेरिकेतल्या परीक्षांसाठी केलेला, हजारो कार्डांचा. कार्डं झकास, पण देश वेगळा. हिस्टोप्लाझ्मोसिस (बुरशीचा एक आजार) आणि ओहायो नदीचं खोरं हे मला तोंडपाठ झालं. आमच्या ओपीडीत ओहायोकाठचा माणूस अजून यायचाय. विंचू मला त्या डेकमध्ये भेटला तो फक्त स्वादुपिंडाच्या सुजेच्या कारणांच्या यादीत, अगदी शेवटी. मी रायगडची. आमच्याकडे लाल विंचू चावला की दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि मग फुफ्फुसात पाणी. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन माणसं वाचवता येतात हे जगाला सांगितलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. ते कार्ड मला स्वतःच करावं लागलं.

आणि तिथूनच अ‍ॅप कामाला यायला लागलं. नियम एकच ठेवला: वॉर्डात पेशंट बघितला की त्याच रात्री त्याच्यावर तीन-चार कार्डं. एका रात्री घोणस चावलेला शेतकरी आला. सिस्टरनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि मला दटावलं, "हलवू नको, २० मिनिटं हात लावायचा नाही." नळी कोरी, कोरडी आणि काचेचीच हवी, साबणाने धुतलेली नको, नाहीतर गोठणारं रक्तही उगाच गोठत नाही. हे एक कार्ड. रक्त गोठलं नाही, म्हणजे विष भिनलंय, तर एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) १० व्हायल, टेस्ट डोस नाही, रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून शेजारी. हे दुसरं. आणि तिसरं: लहान मुलाला किती? तेवढंच, कारण साप काही वजन बघून विष सोडत नाही. हा तिसरा प्रश्न मला पीडियाट्रिक्सच्या वायवात (तोंडी परीक्षेत) जसाच्या तसा आला. मॅडमनी वाक्य संपायच्या आत उत्तर ऐकलं आणि पुढचा प्रश्न जरा चिडूनच विचारला.

जाच आहे तो रोजच्या हप्त्याचा. नवीन कार्डं रोज २० घेतली तरी महिनाभरात जुनी दीडशे-दोनशे रोज दारात उभी. गणपतीला नऊ दिवस गावी गेले, आरत्या झाल्या, मोदक झाले, फोन उघडला नाही. हॉस्टेलवर परतले तर १,३४० कार्डं थकलेली. ती फेडायला दोन आठवडे गेले, आणि त्या दोन आठवड्यांत सकाळच्या राउंडला मी दोनदा उशिरा पोचले. सावकार बरा.

एक कार्ड आठ वेळा चुकलं की अ‍ॅप त्याला जळू म्हणतं आणि बाजूला काढून ठेवतं. माझी जळू म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर ओळखायचे जोन्सचे पाच मोठे निकष, सगळे एकाच कार्डावर. चार आठवायचे आणि एरिथेमा मार्जिनाटम (अंगावरचं एक पुरळ) पळून जायचं. शेवटी पाचांची पाच कार्डं केली, तेव्हा कुठे बसलं. एका कार्डावर एकच गोष्ट, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक टर्म वाचली असती.

गायनॅकला (बिशप स्कोअर, पार्टोग्राफ ही बाळंतपणाची मोजमापं) आणि लसीकरणाच्या तक्त्याला याच्याइतकं दुसरं काही नाही. सर्जरीला फारसा उपयोग नाही. हर्निया खोकायला लावून बोटाखालीच कळतो. थिअरीचे दहा मार्कांचे प्रश्नही यातून लिहिता येत नाहीत, तुकडे आठवतात आणि मधली वाक्यं सापडत नाहीत.

चौथ्या ताऱ्यानंतरचा तारा मी ठेवून घेतलाय, त्यात थोडा रागही आहे, पण तो स्वतःवर. फोन आणि लॅपटॉप जुळेनात तेव्हा अ‍ॅप विचारतं, अपलोड की डाउनलोड. रात्री एक वाजता मी चुकीचं दाबलं आणि गायनॅकची तीन आठवड्यांची कार्डं गेली. सगळी नाही परत आली. रूममेटच्या लॅपटॉपवर मी कधीतरी लॉगिन केलं होतं, तिथल्या बॅकअपमध्ये दोन आठवड्यांची सापडली. उरलेल्या आठवड्यात एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातले झटके) होता. तो पुन्हा लिहून काढला, यावेळी वहीत.