ताडपत्रीच्या दुकानात शिवलेली पंचिंग बॅग

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या ताडपत्रीच्या दुकानातून मी माझ्या पोरींसाठी पंचिंग बॅग शिवून घेतली. पोरी म्हणजे संध्याकाळी माझ्याकडं बॉक्सिंग शिकायला येतात त्या. सगळ्यात हलकी ४२ किलोची, सगळ्यात जड ६६ किलोची. दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकमामांनीच बजावलंय: "नाव टाकू नगा ताई. ऐन सोयाबीनच्या दिवसात लोक असलं काम घिऊन आले तर मी ताडपत्र्या कवा शिवू?"

तयार बॅगा मिळत नाहीत असं नाही. ऑनलाइन ढीगभर आहेत. पण स्वस्तातल्या बहुतेक रिकाम्या येतात, भरायचं आपलं आपण. वरून रेक्झिन. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ते आधी चिकट होतं, मग तडकतं. त्यात तीन फुटांची बॅग घेतली तर बरगडीखालचा ठोसा मारायला जागाच उरत नाही. आणि हलकी बॅग एका ठोशात छताकडं झेपावते. ते बघून पोरी खूश, पालक त्याहून खूश. मी अजिबात खूश नसते, कारण लगेच पळून जाणाऱ्या बॅगेवर ठोसा आत घुसवायची सवय लागत नाही.

इथं थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय बॅगेचं माप कळणार नाही. आई-बाप विचारतात, "मॅडम, हिचे दंड कधी भरणार?" ठोशाचा जोर दंडात शोधू नका. मागच्या पायाच्या चवड्यानं जमीन ढकलायची, टाच बाहेर वळते, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ पोहोचते. मूठ वाटेत सैल, लागताना घट्ट. यातली एक कडी निसटली की उरतो फक्त हात. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबादच्या निखत झरीननं २०२२ ला इस्तंबूलला ५२ किलो गटात आणि २०२३ ला दिल्लीत ५० किलो गटात जागतिक अजिंक्यपद घेतलं. तिचे दंड बघा आणि मग मला विचारा. जुन्यांपैकी अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर जॅक डेम्प्सी घ्या. ४ जुलै १९१९ ला त्यानं जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं. विलर्ड साडेसहा फूट उंच आणि त्याच्याहून वीस किलोच्या वर जड. डेम्प्सी पुढचं पाऊल टाकताना अख्खं अंग पुढं झोकून देत असे, ते वजन ठोशामागं यायचं.

तर अंग झोकून मारलं तरी जागेवरून फार न हलणारी, पण मनगटही न मोडणारी बॅग हवी होती. वजनाचा ठोकताळा मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. मी जाणूनबुजून जड करायला सांगितली.

माप दिलं: लांबी पाच फूट, व्यास १४ इंच. मामांना व्यासाशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी घेर विचारला. ४४ इंच. "काय भरनार हाव ह्येच्यात?" म्हणाले. चिंध्या म्हटल्यावर हसले, आणि नंतर जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. निवारपट्ट्या नुसत्या वरच्या काठाला न शिवता त्यांनी चार पट्ट्या बुडाखालून घेऊन दोन्ही बाजूंनी वर कड्यांपर्यंत नेल्या. म्हणजे सगळं वजन पट्टीवर, कापडाच्या शिलाईवर ताण नाही. कापड दुहेरी कॅनव्हास, दोरा नायलॉनचा. तोंडाला चेन लावली नाही, ताडपत्रीला असतात तशा पितळी रिंगा ठोकून दोरी ओवली. चेनपेक्षा हे शंभर पटीनं बरं. चिंध्या दबल्या की दोरी सोडायची, वरून भर घालायची, पुन्हा आवळायची. कापड, निवार, कड्या, शिलाई धरून दोन हजार दोनशे रुपये. साखळी आणि फिरता हूक हार्डवेअरमधून वेगळा.

चिंध्या टेलरकडून किलोवर घेतल्या. बटणं, हूक, पिना निवडून काढायला पोरींना बसवलं. वाळू सुटी भरू नका. ती बुडाशी जाऊन बसते, खालची बॅग कडक होते आणि वरची पोचट. वजन वाढवायचंच असेल तर वाळूच्या छोट्या पिशव्या गच्च शिवून मधोमध, चहूबाजूंनी चिंध्यांत गुंडाळून ठेवा. आम्ही दर वीतभर थराला मुसळानं ठेचलं. शेजारच्या आडतीच्या काट्यावर वजन भरलं ३८ किलो.

मारायला कशी आहे? पहिल्याच दिवशी आवाजानं सांगितलं. रेक्झिनवर "चट्" वाजतं, इथं "धप्". सोयाबीनचा कट्टा हमालाच्या पाठीवर बसतो तशी ती मुठीला बसते, दबते आणि मग सावकाश हलते. ठोसा बॅगेच्या कातडीवर न थांबवता दोन-तीन इंच आत पोचवायचा, हे नुसतं सांगून समजत नाही. ही बॅग ते समजावते. कोपर बाहेर गेलं, टाच वळली नाही, तर लगेच बॅग तिरकी फिरते आणि चोरी पकडली जाते.

जोरासाठी वापरताना आम्ही तीन मिनिटांची फेरी लावत नाही. ती दमासाठी, वेगळ्या दिवशी. जोराच्या दिवशी अंग तापलं की तीन ते पाच ठोसे, प्रत्येक पूर्ण ताकदीनं, मग दीड-दोन मिनिटं चक्क विश्रांती. असे पाच-सहा वेळा, आवाज बारीक झाला की बंद. दमलेल्या अंगानं मारत राहिलं तर हळू मारायचीच सवय लागते. डंबेल हातात घेऊन हवेत ठोसे मारणाऱ्यांना माझा नमस्कार. डंबेलचं वजन खाली ओढतं, ठोसा पुढं जातो. खांदा दुखतो, बाकी काही नाही.

त्याच दुकानात तीन किलोचा मेडिसिन बॉलही, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, शिवून घेतला. चिंध्या आणि वाळू, गोल जमला नाही, थोडा पेरूच्या आकाराचा झाला. पण उसळत नाही, आणि कमरेतून फिरून भिंतीवर फेकायला तेच हवं. फेकताना शेवटी हात आवरावा लागत नाही, म्हणून वेग पूर्ण लागतो. वाईट एवढंच की त्याची एक शिवण उकलली आणि शेडभर वाळू झाली. मामांनी फुकट दुरुस्त करून दिला, वर दुसरी शिलाई घातली. तरी बॉलसाठी मी शिफारस करणार नाही, दुकानातून तयार घ्या.

बॅगेतही उणिवा आहेत. कॅनव्हास खरखरीत आहे. हाताला नुसती पट्टी गुंडाळून मारलं तर कातडं सोलतं. साडेचार मीटरची पट्टी आणि वर ग्लोव्हज, सरावाला १६ औंसाचे, हे हवंच. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. करंगळीकडून बसला तर तिच्यामागचं हाड मोडतं, बॅग कितीही मऊ असो. दुसरं, कॅनव्हास घाम पितो. पावसाळ्यात वास येतो, आठवड्याला उन्हात काढावी लागते, आणि ३८ किलो काढणं-घालणं म्हणजे दोन माणसांचं काम. कॅनव्हासच्या आतून फोमचा थर द्या म्हणून सांगितलं होतं, मामांनी अर्धा इंच दिला, मला एक इंच हवा होता. लहान पोरींसाठी तो फरक जाणवतो.

टांगायचं मात्र नीट बघा. पंख्याच्या हुकाला टांगू नका, तो पंख्यासाठी असतो. आम्ही शेडच्या लोखंडी कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्याला, आडवा पाइप वेल्ड करून घेतला. घराजवळ जाड फांदीचा कडुलिंब असेल तर त्याला टांगली तरी चालेल, फांदी जराशी दबते तेही बरंच.

बॅगेला माझे गुण पाचांपैकी चार. एक फोमचा कापला.

शिवून घ्यायचीच तर पोळ्याच्या आत जा. पुढं सोयाबीन काढणी लागली आणि परतीचा पाऊस आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. घेर इंचात लिहून न्या, पट्ट्या बुडाखालून घ्यायला सांगा, आणि फोम एक इंच म्हणजे एकच इंच हे दोनदा सांगा.