ॲलर्जीची गोळी आणि दिवसभराची गुंगी: सेटिरिझिन ते फेक्सोफेनाडिन, काही महिन्यांचा अनुभव

मला धुळीची ॲलर्जी आहे. पहाटे अंथरुणातून उठलं की शिंकांची माळ, नाकाला धार, डोळ्यांना खाज. आधी सेटिरिझिन १० मिग्रॅ, मग लेव्होसेटिरिझिन ५, आणि आता फेक्सोफेनाडिन १२०. शिंका तिन्हींनी थांबतात. फरक पडतो तो डोक्यात.

सेटिरिझिन रात्री जेवल्यावर घ्यायचो. झोप गाढ लागायची. सकाळी अंग उठायचं, डोकं काही उठायचं नाही. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे, फर्स्ट शिफ्ट. मायक्रोमीटरवर, म्हणजे जाडी मोजायच्या उपकरणावर, १२.०४ वाचायचं आणि रजिस्टरकडे हात जाईपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला. पुन्हा पीस उचलायचा, पुन्हा रॅचेट कटकट वाजेपर्यंत फिरवायचं, पुन्हा वाचायचं. डुलकी नाही, जांभई नाही, त्यामुळे ही गोळीची गुंगी आहे अशी शंकाही येत नाही. हाच खरा धोका. पेंगणारा माणूस निदान गाडी बाजूला घेतो. लक्ष मंदावलेला माणूस सिग्नलला गाडी तशीच पुढे नेतो.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जे हिस्टामिन नाकात शिंका आणतं, तेच मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं थेट मेंदूत शिरतात. सेटिरिझिन कमी शिरतं, पण शिरतं. चाचण्यांमध्ये १० मिग्रॅ घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १४ जणांना झोप आली, नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६ जणांना. त्या चौदांत आपण असलो तर 'नॉन-ड्राउझी', म्हणजे झोप न आणणारी, या गोळीवरच्या शिक्क्याचा काय उपयोग? लेव्होसेटिरिझिन हा सेटिरिझिनचाच कामाचा अर्धा भाग, म्हणून ५ मिग्रॅमध्ये तेवढंच काम होतं. मला गुंगीही जवळपास तेवढीच आली.

फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ टिकतच नाही, तिथली यंत्रणा त्याला बाहेर ढकलते. बदल आठवड्याभरात जाणवला. आकडा एकदा वाचला की रजिस्टरात उतरेपर्यंत डोक्यात राहतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पथ्यं मात्र आहेत. गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्या-मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती अंगात कमी शोषली जाते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी नको. किंमत सेटिरिझिनपेक्षा बरीच जास्त, महिन्याच्या खर्चात ती दिसते.

आणखी एक, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि सिरपांत क्लोरफेनिरामिन असतंच. ॲलर्जीची गोळी चालू असताना वरून तेही घेतलं तर गुंगी दुप्पट. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच. दारूचंही तेच. किडनीचा त्रास असलेल्यांना सेटिरिझिनचा डोस कमी लागतो, कारण ते बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. घरातल्या वयस्करांना आपली गोळी परस्पर देऊ नका.

सेटिरिझिन महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केल्यावर काहींना अंगभर जबर खाज सुटते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये तशी सूचना काढली. मला ती सुटली नाही, पण बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

चोंदलेलं नाक मात्र यातल्या एकाही गोळीने नीट मोकळं झालं नाही. त्यासाठी डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. त्याचा गुण यायला काही दिवस लागले, पण झोप अजिबात येत नाही.