.22 काढून .177 ची नळी बसवली: आठ महिन्यांनंतर

लिहायला बसलो तेव्हा हा रिव्ह्यू माझ्या छऱ्याच्या एअर रायफलला बसवलेल्या नव्या नळीचा होणार होता. आता दिसतंय की निम्मा एका वॉशरचा होणार. माझा नाइलाज आहे, कारण आठातले तीन महिने त्या वॉशरनेच खाल्ले.

रायफल साधीच, नळी सांध्यात मोडून (म्हणजे खाली वाकवून) छर्रा भरायची, स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवेच्या जोरावर छर्रा सोडणारी, .22 ची, म्हणजे साधारण 5.5 मिमी मापाच्या छऱ्याची. चार वर्षांपूर्वी साडेअकरा हजारांना घेतली होती. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसळेने कांस्य मिळवलं आणि आमच्या कन्येने शूटिंग क्लबात नाव घालायचा हट्ट धरला. 10 मीटरच्या स्पर्धेत 4.5 मिमीचाच छर्रा चालतो, म्हणजे .177. क्लबात त्यांची मॅच रायफल मिळते, पण मधल्या दिवसांत सरावाला काहीतरी हवं. घरात एक रायफल असताना दुसरी घेणं मला जमत नाही, त्याला कोणी चिक्कूपणा म्हणो. दुकानदार म्हणाला, "साहेब, याच मॉडेलची .177 नळी येते. तासाभराचं काम." नळीचे 3,800, मजुरीचे 600.

माझे एक काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांना फोनवर सांगितलं तर हसले. म्हणाले, "नळी बदलणं म्हणजे बाथरूमचा नळ बदलणं नव्हे." इशापूरच्या कारखान्याने 1960 च्या दशकात जुन्या लष्करी .303 च्या धाटणीची रायफल 7.62 मिमीच्या गोळीसाठी आणली, तेव्हा मॅगझिनही बदललं आणि पोलादही जास्त मजबूत घेतलं, हे त्यांनी मला निदान तिसऱ्यांदा सांगितलं. मी मनात म्हटलं, काका, ही छऱ्याची बंदूक आहे. तिथेच चुकलो.

सराव आम्ही रविवारी मेहुण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात करतो. शटर खाली, डोळ्यांना गॉगल, भिंतीपाशी जुन्या गोधड्या ठासून भरलेली लोखंडी पेटी आणि तिच्यावर कार्ड. .22 असताना क्लबातल्या एकाच्या वेगमापकावर 14.3 ग्रेनचा (ग्रेन हे छऱ्याच्या वजनाचं माप) छर्रा सेकंदाला 600 फुटांच्या आसपास जायचा. स्प्रिंग तीच आणि छर्रा जवळजवळ निम्म्या वजनाचा, तेव्हा वेग चांगलाच वाढायला हवा. प्रत्यक्षात 7.9 ग्रेनचा छर्रा 640 ला गेला. पुढचा 610. त्याच्या पुढचा 655. कार्डावर गोळीबार कसला, खिचडी झाली होती.

दुकानदाराला विचारलं तर म्हणे नळी सेट होऊ द्या, 500 छर्रे मारा. मारले. छऱ्यांचे पैसे माझे. मग म्हणे दुर्बीण हलली असेल. दुर्बीण हलल्याने वेग कसा कमी होतो, याचं उत्तर त्याने दिलं नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला स्प्रिंग बसली, 1,900 रुपये लागतील. नळी बदलायच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत असलेली स्प्रिंग तासाभरात बसली! तिथे माझा आवाज चढला आणि दुकानातली इतर गिऱ्हाइकं बंदुका सोडून माझ्याकडे बघायला लागली.

शेवटी मीच एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि नळी जिथे मोडते त्या सांध्यावर आडवी ठेवली. हात लांब ठेवून, पेटीकडे नेम धरून बार काढला. पट्टी उडून थेट मेहुण्याच्या चहाच्या ग्लासात पडली. सगळी हवा तिथून बाहेर!

सांध्याच्या तोंडाशी नळीभोवती एक खाच असते आणि तिच्यात वॉशर बसतो. नळी बंद झाली की तो दाबला जातो आणि पिस्टनने ढकललेली हवा छऱ्यामागेच जाते. टॉर्च मारून बघितलं तर महाशयांनी नव्या नळीत जुन्या .22 चाच वॉशर कोंबला होता. एका बाजूला तो खाचेत बुडालेला, दुसरीकडे वर आलेला आणि तिथे चिमटल्याची खूण. 600 रुपये मजुरीत सहा रुपयांचा वॉशर बसत नव्हता.

सहा रुपये उगाच नाही म्हणत. गाळ्यापासून चार शटर सोडून हायड्रॉलिक सीलचं एक दुकान आहे. तिथल्या मुलाने खाच व्हर्नियरने मोजली, डब्यातून दोन ओ-रिंग (म्हणजे गोल रबरी वॉशर) काढून दिल्या आणि बाराचे दहाच घेतले. पहिली जाड निघाली, नळी पूर्ण बंद होईना. दुसरी खाचेच्या वर केसभर दिसत होती. पट्टी ठेवली, बार काढला. पट्टी हललीसुद्धा नाही. असा आनंद मला मुलीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. (हे तिला दाखवू नये.)

त्यानंतरचे आकडे: 780, 774, 782. हिशेब केला तर साधारण साडेचौदा ज्यूल, .22 ला साडेपंधरा होते. म्हणजे वेग वाढला तरी जोर थोडा कमीच झाला. कार्डावर भोकं पाडायला त्याने काही बिघडत नाही. माप 4.5 मिमी आणि जोर 20 ज्यूलच्या आत, त्यामुळे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याचा प्रश्न नाही.

तिसऱ्या महिन्यात मी मित्राला लिहिलं होतं, "या भानगडीत पडू नकोस." ते आता मागे घेतो. नळी चांगली आहे. चपट्या डोक्याचा छर्रा कार्डाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, .22 चा फाडायचा. 10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे भोकाची कड नीट दिसणं फार सोयीचं. छर्ऱ्याचा खर्चही जवळपास निम्म्यावर आला, मला पहिला तोच दिसला. तक्रार एकच: फार हलका छर्रा घातला तर पिस्टन पुढे आदळतो आणि गालाला ठणका जाणवतो. मी 7.9 च्या खाली जात नाही.

पावसाळ्यात मात्र हिला जपावं लागतं. जुलैत दहा दिवस केसमध्ये तशीच राहिली आणि सांध्याच्या खिळीवर तांबूस डाग आले. बाहेरून तेलाचं फडकं फिरवतो. आत तेल सोडत नाही, कारण पिस्टनपुढे तेल गेलं की ते पेट घेतं, फाडकन आवाज येतो आणि नळीतून धूर निघतो. हा प्रयोग माझा करून झाला आहे. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर धावत आला होता.

राहिली जुनी .22 ची नळी. ती माझी, माझ्या पैशाची, आणि दुकानदाराने परत दिलेली नाही. आधी म्हणाला गोडाऊनला आहे. मग म्हणाला तुम्हीच नको म्हणालात. परवा फोन केला तर म्हणतो, "साहेब, ती लागणार कुठे तुम्हाला?" लागणार नाहीच. शनिवारी आणायला जातोय.