मुलीला अमेरिकेत आणायचंय: अर्ज आत्ता की नागरिकत्वानंतर?

ग्रीन कार्डवर असाल तर २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलीसाठी आय-१३० अर्ज (नातेवाइकाला अमेरिकेत आणण्यासाठीचा सरकारी अर्ज) आजही भरता येतो. पण या वर्गातल्या व्हिसांना वार्षिक मर्यादा आहे, म्हणून रांग. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला हे सांगणारा सरकारी तक्ता) उघडून तारीख सरकली का बघायचं, आणि तिकडे आजीकडे राहिलेली पोर फोनवर विचारते, "बाबा, अजून किती दिवस?"

नागरिकाच्या अशा मुलीला ही रांगच नाही. शिवाय १८ च्या आत ग्रीन कार्डवर येऊन नागरिक पालकाच्या ताब्यात राहू लागली की ती आपोआप नागरिक होते.

तरी थांबू नका, अर्ज आत्ताच टाका. ती २१ ची होण्याआधी तुम्ही नागरिक झालात, तर तोच अर्ज बिनरांगेच्या वर्गात जातो. मात्र तुमच्या नागरिकत्वाआधी तिचं लग्न झालं, तर अर्ज रद्द.