वर्षभराची मनन-वही: संध्याकाळचे पान सकाळच्या पानापेक्षा सरस

बायबलच्या रोजच्या मननासाठी छापलेल्या वह्या पुष्कळ मिळतात आणि त्यांतल्या बहुतेकींचे आयुष्य फेब्रुवारीपर्यंतच असते. ही वही मात्र मी १ जानेवारीपासून डिसेंबर संपेपर्यंत वापरली, त्यामुळे नुसती चाळून मत दिल्याचा आरोप माझ्यावर येऊ नये. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी मुख्य उणीव सांगणार आहे ती या एकाच वहीची नाही. या प्रकारच्या बऱ्याच साहित्यात ती मला आढळली आहे.

प्रत्येक तारखेला समोरासमोरची दोन पाने आहेत. डाव्या पानावर त्या दिवशी बायबलमधून वाचायचे चार शास्त्रभाग, आठ-दहा ओळींचे मनन आणि प्रार्थना-विनंत्यांची चौकट असते. उजव्या पानावर संध्याकाळी उत्तरे लिहिण्यासाठी पाच प्रश्न असतात. वाचनाचा क्रम रॉबर्ट मरे मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, १८४२ मध्ये डंडी येथील आपल्या मंडळीसाठी आखलेला आहे. उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये यांच्या पहिल्या अध्यायांनी तो सुरू होतो आणि वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. संध्याकाळच्या प्रश्नांचा क्रम उपकारस्मरण, प्रकाशासाठी विनंती, दिवसाचे अवलोकन, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय असा आहे, आणि तो सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीवरून घेतला आहे हे जाणकाराला लगेच कळेल. एक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, पाळक मॅकचेन आणि कॅथलिक जेझुइट संघाचा संस्थापक लोयोला यांना असे समोरासमोर बसवले असूनही प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही नाही. हा शेजार त्या दोघांना कितपत मानवला असता, याची मला वर्षभर गंमत वाटत राहिली.

कागद बरा आहे, पण शाईचे पेन वापरल्यास अक्षरे मागच्या बाजूला उमटतात. बांधणी शिवलेली असल्यामुळे वही सपाट उघडी राहते, ही सोय लहान वाटली तरी रोज लिहिणाऱ्याला तिची किंमत कळते.

विनंत्यांच्या चौकटीत प्रत्येक ओळीपुढे ‘उत्तर मिळाले’ असा एक रिकामा चौकोन छापलेला आहे आणि तो मला शेवटपर्यंत खटकला. आजारी माणसासाठी महिनोन्महिने प्रार्थना करणाऱ्याने त्या चौकोनात नेमके काय भरायचे? वाणसामानाच्या यादीवर खुणा कराव्यात तशा खुणा प्रार्थनेवर करण्याची सवय लागू नये, म्हणून मार्चपासून मी तो चौकोन कोराच ठेवू लागलो.

मुख्य मुद्दा मननांचा आहे. एप्रिलच्या मध्यावर लेवीय या जुन्या करारातील नियमांच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय येतो. लेवीय म्हटले की अनेक जण पाने भराभर उलटतात, पण रोजच्या जगण्याविषयी इतके नेमके बोलणारा अध्याय जुन्या करारात शोधावा लागेल. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या. बहिऱ्याला शाप देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. वजने आणि मापे खरी ठेवा. मजुराचे वेतन रात्रभर, सकाळ होईपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नका. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा, जी पुढे येशूने दोन श्रेष्ठ आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली, ती याच यादीच्या मधोमध आहे. वहीतील मननाने मात्र दुसऱ्या वचनातील ‘पवित्र असा’ एवढेच शब्द उचलले आणि अंतःकरणाच्या पावित्र्यावर आठ गोड ओळी लिहून विषय संपवला. शेत नाही, तराजू नाही, मजूर नाही.

त्या सकाळी मी ते मनन वाचले, समाधानाने वही मिटली आणि कामाला लागलो. संध्याकाळी तिसरा प्रश्न समोर आला: ‘ज्यांच्या कष्टांवर आजचा दिवस चालला, त्यांच्याशी मी कसा वागलो?’ घराला रंग देणाऱ्या कारागिराचे शेवटचे पैसे मी आठवडाभर लांबवले होते. दाराच्या चौकटीवर रंगाचा एक ओघळ राहिला होता, हे कारण मी स्वतःला सांगत होतो. खरे तर निव्वळ आळस होता. ‘रंगाऱ्याचे पैसे’ एवढे दोन शब्द लिहून पेन थांबले. फोन केला, तेव्हा मी काही बोलण्याच्या आत त्यानेच विचारले, “साहेब, कामात काही राहिलंय का? उद्या येऊन करून देतो.” पैशांचा विषय त्याने काढलाच नाही. ते त्याच रात्री पोचते केले, आणि मग सकाळचा अध्याय पुन्हा उघडून पाहिला, तर मजुराच्या वेतनाचे १३ वे वचन तिथेच होते आणि सकाळी ते माझ्या डोळ्यांखालून गेलेही होते.

हाच प्रकार त्याच महिन्यात नव्या करारातील कलस्सैकरांस पत्राच्या मननातही झाला होता. ‘जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ या ३:२३ मधील उपदेशावर कामातील निष्ठेचे चांगले मनन आहे. परंतु ही ओळ मुळात दासांना उद्देशून आहे, आणि ४:१ मध्ये धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे असे लगेच बजावले आहे. दुसऱ्या दिवशीच्या मननात त्याचा मागमूस नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, तिथेही मननाचा विषय धीर हाच आहे. निवड करणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण हाताने करायची गोष्ट मनात करायची होऊन बसते, हे वर्षभरात इतक्यांदा घडले की ते योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

अपवाद आहेत. मत्तय ५:२३-२४ च्या पानावर, म्हणजे अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करण्याच्या सूचनेवर, मनन अवघ्या तीन ओळींचे आहे आणि खाली एका नावापुरती जागा रिकामी सोडली आहे. सगळी वही अशी असती तर हा अभिप्राय निराळा झाला असता.

छापील तारखांचा त्रासही सांगितला पाहिजे. तापाने नऊ दिवस अंथरुणाला खिळलो आणि उठलो तेव्हा ३६ शास्त्रभाग थकले होते. ते भरून काढण्याच्या नादात दोन दिवस मी काय वाचले हे मला आठवत नाही. शेवटी थकबाकी सोडून दिली आणि त्या दिवशीच्या तारखेवर आलो. प्रस्तावनेत याची मुभा देणारे एक वाक्य असते तरी पुष्कळांची वही अर्ध्यावर बंद पडली नसती.

ज्यांना संपूर्ण पवित्र शास्त्र एका वर्षात वाचायचे आहे आणि संध्याकाळी दहा मिनिटे बसण्याची तयारी आहे, त्यांनी ही वही घ्यावी. ज्यांना केवळ सकाळचे मनन हवे आहे, त्यांनी घेऊ नये. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यांतले तीन उजव्या पानाचे. नव्या वर्षासाठी मी हीच वही पुन्हा घेतली आहे. फक्त पाच प्रश्नांच्या खाली पेन्सिलीने सहावा लिहितो आहे, एकेक पान करत सध्या मार्चपर्यंत आलो आहे: ‘आज कोणाचे देणे माझ्याकडे रात्रभर राहणार आहे?’