वालुकाश्मातलं तेल-पाणी मायक्रो-सीटीखाली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने आमच्या प्रयोगशाळेतला मायक्रो-सीटी स्कॅनर (वस्तू न कापता एक्स-रेनं तिच्या आतलं त्रिमितीय चित्र काढणारं यंत्र) मी एकाच कामाला जुंपलाय: खडकाच्या छिद्रांत खारं पाणी आणि डेकेन (तेल म्हणून वापरलेला एक हायड्रोकार्बन द्रव) नेमकं कुठं बसतं ते बघायला. नमुना जर्मनीतल्या बेंटहाइमर वालुकाश्माचा, ५ मिलिमीटर व्यासाचा. व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्रातला सर्वांत लहान घन ठिपका, साधारण ३ मायक्रॉनचा. कोअर होल्डर (नमुना धरून ठेवणारी नळी) कार्बन फायबरचा, कारण त्यातून एक्स-रे सहज आरपार जातात.

साधं पाणी आणि तेल चित्रात जवळजवळ सारखंच दिसतं, म्हणून पाण्यात एक्स-रे जास्त शोषणारं पोटॅशियम आयोडाइड घालावं लागतं. बेताचं घातलं की तेल काळं, पाणी मधलं राखाडी आणि क्वार्ट्झ उजळ दिसतं. जास्त झालं की पाणी आणि क्वार्ट्झची छटा एकच होते. त्यामुळे आधी बारीक नळ्यांत वेगवेगळी द्रावणं भरून ती खडकाच्या तुकड्याशेजारी ठेवून स्कॅन करा. हा वेळ वाया जात नाही.

खरा घोळ कडांवर होतो. काळं तेल आणि उजळ कण एकाच व्हॉक्सेलमध्ये आले की सरासरी छटा नेमकी पाण्यासारखी येते. नुसती छटेची मर्यादा ठरवून भाग पाडले, तर प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर उमटतो, आणि तो खोटा असतो! वॉटरशेड पद्धतीनं, म्हणजे छटा झपाट्यानं बदलते तिथं सीमा आखून, हे बरंच आवरतं. उलट खरा थर व्हॉक्सेलहून पातळ असेल तर तो दिसतच नाही. संपर्ककोन (तेल-पाण्याची सीमा खडकाला ज्या कोनात टेकते तो) मोजणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

पण पाणी आत ढकलल्यावर मागं अडकलेले तेलाचे गोळे बघताना मी अजूनही हरखून जाते. काही एकाच छिद्रात गोल बसलेले, काही चार-पाच छिद्रांत हातपाय पसरलेले, अरुंद गळ्यांशी आकसलेले. कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवताना तो असाच अडकून राहावा, हीच तर अपेक्षा असते.

वेग मात्र बेताचा. स्कॅनला काही तास लागतात, तेवढा वेळ द्रव हलता कामा नये. एक द्रव दुसऱ्याला हटवत छिद्रात अचानक घुसतो, त्या १९३० मध्ये हेन्स यांनी वर्णन केलेल्या उड्या मिलिसेकंदांत संपतात. इथं फक्त आधीचं आणि नंतरचं चित्र मिळतं. सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या कणत्वरकावर) स्कॅन कितीतरी जलद होतो, पण तिथं वेळ मागून घ्यावा लागतो. शिवाय लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी २००० व्हॉक्सेल असलेलं १६-बिट चित्र १६ जीबीचं होतं, तेव्हा संगणकाच्या रॅममध्ये काटकसर नको.

चुनखडकासाठी एवढ्यावर भागत नाही. तिथली बरीच छिद्रं व्हॉक्सेलहून लहान असतात, म्हणून कोरडा आणि आयोडाइडच्या पाण्यानं पूर्ण भरलेला असे दोन स्कॅन घेऊन त्यांची वजाबाकी करावी लागते.