बेसबॉल की सॉफ्टबॉल? सोलापुरात मुलाचं नाव देण्याआधी

शाळा सुरू झाली की खेळांसाठी नावं घेतली जातात आणि पाचवी-सहावीतल्या मुलांच्या पालकांपुढे हा प्रश्न येतो. दोन्ही खेळ शालेय स्पर्धांत आहेत, अनेक शाळांत दोन्ही एकच सर शिकवतात. त्यामुळे कुठल्या संघात लवकर निवड होईल, एवढंच बघून नाव दिलं जातं. माझं म्हणणं असं की आधी दुखापतींचा विचार करा, आणि त्यातही पहिल्यांदा हाताचा.

बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, चेंडू खांद्यावरून फेकतो. हात मागून पुढे येताना कोपराच्या आतल्या बाजूला जबरदस्त ताण बसतो. मोठ्या माणसात तो ताण लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावर, येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलात मात्र तिथलं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं, मध्ये वाढीची कूर्चा असते आणि आधी तीच दुखावते. खांद्यालाही हेच होतं. अमेरिकेत यावर उपाय काढला तो पिच, म्हणजे पिचरनं टाकलेले चेंडू, मोजण्याचा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेने २००७ पासून पिच मोजणं सक्तीचं केलं. पुढे २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल (तिथली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ मर्यादा ठरवल्या: ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. चौदापर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा त्याहून जास्त पिच टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. शिवाय वर्षातले चार महिने हाताला फेकण्यापासून सुट्टी. यामागे ठोस कारण आहे. तिथल्या अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करत राहणाऱ्या किशोरवयीन मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता तसं न करणाऱ्यांच्या ३६ पट आढळली.

आता हे आपल्याकडच्या स्पर्धेला लावून बघा. बाद पद्धतीचे सामने, एका दिवसात दोन, कधी तीन. संघात चांगला पिचर एकच, आणि तोच सगळीकडे उभा. दुपारच्या डब्याआधीच त्याची मर्यादा संपलेली असते, आणि पिच कुणीच मोजलेले नसतात. वर हाच मुलगा सकाळी क्रिकेटच्या नेट्समध्ये वेगवान गोलंदाजी करून आलेला असतो. खेळ तीन असले तरी खांदा एकच आहे, हे घरातच लक्षात ठेवावं लागतं, कारण एका सरांना दुसऱ्या सरांनी काय करून घेतलं ते कळत नाही.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात गोल फिरवून खालून चेंडू सोडतो. यात हाताला काही होत नाही, असं बरेच प्रशिक्षक अजूनही सांगतात. ते खरं नाही. इथे खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो, आणि सॉफ्टबॉलमध्ये पिचवर मर्यादा घालण्याची पद्धत बेसबॉलइतकी रुळलेली नाही, म्हणून एकाच मुलीकडून दिवसभर पिचिंग करून घेतलं जातं. पिचर सोडून बाकीचे आठ खेळाडू दोन्ही खेळांत खांद्यावरूनच फेकतात. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, तर पिचरच्या बरोबरीनं फेकतो. म्हणून पिचिंग झालेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवू देऊ नका.

चेंडूचा मार दोन्हीकडे आहे. बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. बारा इंची सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा, म्हणजे जास्त जड, आणि लहान मुलींच्या सामन्यांत तो ४० फुटांवरून येतो. लहान हातांसाठी अकरा इंची चेंडू मिळतो, तो मागा. बेसबॉललाही लहान मुलांसाठी मऊ गाभ्याचे चेंडू असतात. हेल्मेटबद्दल चर्चाच नको: बॅटरला आणि बेसवर (धावताना गाठायच्या ठिकाणांवर) धावणाऱ्याला, दोघांनाही हवंच.

क्वचित घडणारा, पण सगळ्यात भीतिदायक प्रकार म्हणजे छातीवर नेमक्या क्षणी चेंडू बसून हृदयाचे ठोके बिघडणं. मूल कोसळतं आणि श्वास थांबतो. आपल्या मैदानावर शॉक देणारं यंत्र नसतंच असं धरून चाला. कुणीतरी लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. निदान सरांना हे येतं का, ते विचारायला संकोच करू नका.

स्लाइडिंगमध्ये, म्हणजे बेस गाठायला जमिनीवर घसरत जाण्यात, दोन्ही खेळांत फरक नाही. मुरमाच्या मैदानावर गुडघे-मांड्या सोलवटतात, आणि जमिनीत घट्ट ठोकलेल्या बेसवर पाय अडकला तर घोटा जातो. धक्क्यानं सुटणारे बेस सुरक्षित. बारा वर्षांच्या आतल्या मुलांनी डोकं पुढे करून स्लाइड मारू नये.

सोलापूरचं ऊन मात्र दोन्ही खेळांना महाग पडतं. एप्रिल-मेच्या शिबिरांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि कॅचर अंगभर गार्ड बांधून उकिडवा बसलेला असतो. सराव सकाळी आठच्या आत संपायला हवा. मूल असंबद्ध बोलायला लागलं तर आधी अंगावर पाणी ओता, मग बाकीचं.

माझा कौल: बारा वर्षांपर्यंत सॉफ्टबॉल. बेसमधलं अंतर ६० फूट, त्यामुळे फेकी छोट्या. पिचिंग मात्र तीन-चार मुलांत वाटलेलं हवं. बेसबॉल त्यानंतर. पण तुमच्या शाळेतले बेसबॉलचे सर वहीत पिच मांडत असतील आणि लहानांना मोठ्यांच्या पूर्ण १८.४४ मीटर अंतरावरून पिच टाकायला लावत नसतील, तर बेसबॉल आधी द्यायलाही माझी हरकत नाही. तशी वही नसेल तर सामन्याला स्वतः जा आणि पिच तुम्ही मोजा.

आणि कोपर दुखतंय असं मूल म्हणालं, तर तेल लावून चोळायला कुणाकडेही नेऊ नका. त्याच दिवशी फेकणं बंद करा. आठवड्यात थांबलं नाही, किंवा हात सरळ होत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मूल पिचिंग करतं, हे त्यांना आधी सांगा.